सायकस ओळखताना: मुंबईतल्या नवख्या निरीक्षकांसाठी

मुंबईत सायकस, म्हणजे ताडासारखं दिसणारं पण ताड नसलेलं झाड, बघायला जंगलात जावं लागत नाही, आणि गेलात तर तिथे तो सापडायचाही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आपणहून उगवलेला सायकस नाही. शहरात जो दिसतो तो सगळा माणसाने लावलेला: सोसायटीच्या फाटकाशी, बँकेच्या पायऱ्यांजवळच्या कुंडीत, जुन्या बंगल्यांच्या आवारात, महापालिकेच्या उद्यानांत, रस्त्यांच्या दुभाजकांत. त्यातला बहुतेक माल भारतीय नाहीच, तो मूळचा जपानचा. त्यामुळे इथे देशी सायकस ओळखायला शिकायचं म्हणजे आधी परदेशी सायकस ओळखून बाजूला काढायला शिकायचं.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण नवख्यांची गाडी इथेच रुळावरून घसरते. पानावरून फार तर गट ठरतो, जात ठरत नाही. जात ठरवायची तर मादी झाड, त्यावरची बीजपर्णं (बिया धरणारी, आखूड झालेली पानं) आणि शक्य झाल्यास बी पाहावं लागतं. ते मिळेपर्यंत वहीत ‘सायकस, जात ठरायची आहे’ एवढंच लिहून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. उलट घाईने दिलेलं नाव पुढे फोटोंच्या संग्रहातून वर्षानुवर्षं फिरत राहतं.

पहिली पायरी: हे सायकॅड आहे ना?

लांबून बघणारा सायकसला हमखास ताडमाड समजतो. खरं तर दोघांचं नातं अगदी दूरचं. ताड, माड, शिंदी ही फुलं येणारी झाडं. सायकॅड, म्हणजे सायकस ज्यात मोडतो तो गट, प्रकटबीज, म्हणजे सूचिपर्णी वृक्षांच्या बाजूचं. त्याला फूल येत नाही आणि बी फळात झाकलेलं नसतं. या गटाचे जीवाश्म डायनोसॉरांच्याही आधीच्या काळातले आहेत. आज जगात सायकॅडचे 10 वंश आणि साडेतीनशेहून जास्त जाती उरल्या आहेत. भारतात निसर्गतः त्यातला एकच वंश आढळतो, तो म्हणजे सायकस.

लांबून ओळखायची उत्तम खूण म्हणजे नवी पानं येण्याची रीत. ताडवर्गीय झाड मधून एकेक पान काढतं. मिटलेला टोकदार कोंब सतत वर आलेला दिसतो. सायकस महिनोन्‌महिने गप्प बसतो आणि मग एका दमात पानांचं पूर्ण वर्तुळ काढतो. त्या दिवसांत शेंड्यावर कोवळ्या, फिकट हिरव्या पानांचा झुबका आणि खाली जुन्या गडद पानांचा घेर असे दोन सरळ थर दिसतात.

जवळ गेलात की एक पर्णिका, म्हणजे पानाच्या दांड्यावरचं एक छोटं पातं, बोटांत धरा, तोडू नका. शिंदीची किंवा खजुराची पर्णिका लांबीत दुमडलेली असते आणि तिच्यावर समांतर शिरा खूप असतात. सायकसच्या पर्णिकेत मधोमध एकच जाड शीर असते. बाजूला फुटलेल्या शिरा नसतात, अगदी उजेडाकडे धरूनही दिसत नाहीत. वंश ओळखायला ही एक खूण पुरते.

नेच्याशी गोंधळ मुंबईत कमी होतो, पण कोवळ्या पानांच्या वेळी होऊ शकतो. वृक्षनेच्याचं अख्खं पान टोकापासून गुंडाळलेलं असतं. सायकसमध्ये मधला दांडा जवळजवळ सरळ वाढतो आणि त्याच्यावरच्या पर्णिका तेवढ्या गुंडाळलेल्या असतात. ऑफिसांत हमखास ठेवलेला झीझी प्लँट मात्र अळूच्या कुळातला; त्याच्या शास्त्रीय नावात ‘झामिया’ हे एका सायकॅडचं नाव डोकावतं म्हणून फसू नका.

दुसरी पायरी: सायकस की झामिया?

हे पटकन उरकता येतं. रोपवाटिकांत आणि दुभाजकांत एक बुटकं, रुंद, जाडजूड पर्णिकांचं सायकॅड दिसतं. पर्णिका हाताला पुठ्ठ्यासारख्या कडक लागतात, त्यांच्यावर तपकिरी लव असते आणि मधली शीर नसते. हा झामिया फरफ्युरेशिया, मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ किनाऱ्याकडचा. त्याच्या नराला आणि मादीला दोघांनाही घट्ट शंकू येतात. हौशी संग्राहकांकडे आफ्रिकेतला एन्सेफालार्टोस किंवा मध्य अमेरिकेतला डायून असतो. त्यांच्या पर्णिकांनाही मधली शीर नसते. मधली शीर नाही म्हणजे झाड भारतीय नाही, विषय संपला.

तिसरी पायरी: जपानी सायकस बाजूला काढा

सायकस रिव्होल्युटा हा दक्षिण जपानच्या बेटांवरचा. थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतीतज्ज्ञाने 1782 मध्ये त्याला नाव दिलं. रोपवाटिकेत ‘सायकस’ म्हणून मागितलं तर न विचारता हाच पुढे येतो. कधी त्याच्यावर ‘सागो पाम’ अशी चिठ्ठीही असते. तो पाम नाही, आणि उपासाचा साबुदाणा आपल्याकडे टॅपिओकापासून होतो, या झाडापासून नव्हे. कुणी हौसेने खोड किसायला घेऊ नये म्हणून हे सांगितलं. का, ते पुढे येईल.

त्याची मुख्य खूण पर्णिकेच्या कडेत आहे. पर्णिका उलटी करून पाहा. दोन्ही कडा खाली आत वळलेल्या असतात, इतक्या की अंगठा फिरवला तर खालच्या बाजूला पन्हळ लागते. पर्णिका अरुंद, साधारण अर्धा सेंटिमीटर रुंद, ताठ आणि टोकाला टोचणाऱ्या. पान आखूड असतं, बहुधा एक मीटरच्या आसपास. समोरून पान बघितलं तर दोन्ही बाजूंच्या पर्णिका वर उचललेल्या असतात आणि इंग्रजी ‘व्ही’चा आकार दिसतो. बुंध्याशी पिल्लं भरपूर फुटतात. माळी ती काढून कुंड्यांत लावतात, म्हणून हा एवढा पसरला.

याची मादी एकदा बघितली की विसरता येत नाही. शेंड्यावर पिवळसर तपकिरी, लोकरीसारख्या लवेने भरलेल्या, खोल चिरा पडलेल्या बीजपर्णांचा मोठा गोळा बसतो आणि त्यात पुढे शेंदरी बिया दिसू लागतात. नराचा शंकू उभा, लांबट, पिवळट. जवळ गेलात तर त्याचा उग्र वास जाणवेल. जाता जाता: सायकॅडच्या नराचे शुक्राणू पोहणारे असतात, आणि सायकस रिव्होल्युटात ते 1896 मध्ये इकेनो या जपानी संशोधकाने दाखवून दिले. बी धरणाऱ्या झाडात पोहणारे शुक्राणू ही गोष्ट त्या काळात अनेकांना खरी वाटली नव्हती.

आता तुमच्या परिसरातला सायकस यात बसतो का ते तपासा. मुंबईत बहुतेक वेळा बसेल, आणि तुमचं काम तिथेच संपेल.

चौथी पायरी: मोठ्या, सपाट पर्णिकांचा सायकस

उरतो तो उंच सायकस. त्याची पानं दीड ते अडीच मीटर लांब, बाकदार झुकलेली आणि चकचकीत असतात. पर्णिका सपाट, सेंटिमीटरभर रुंद, वीस-तीस सेंटिमीटर लांब. खोड उंच झालेलं, पानांच्या जुन्या बुडख्यांच्या खवल्यांनी मढलेलं, कधी वर फांद्या फुटलेल्या. जुन्या आवारांत आणि उद्यानांत असं झाड दिसलं की उत्साही मंडळी लगेच ‘सायकस सर्सिनॅलिस, पश्चिम घाटातला!’ म्हणून मोकळी होतात. असेलही. पण इंडोनेशियाकडचा सायकस रम्फी आपल्याकडच्या बागांत बरीच वर्षं लावला जातोय, आणि पानावरून दोघांत फरक करणं जाणकारालाही जड जातं. भर म्हणजे लिनियसने 1753 मध्ये दिलेलं सर्सिनॅलिस हे नाव पुढे दीर्घकाळ आशियातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सायकसला चिकटवलं गेलं. जुन्या पाट्या आणि जुनी पुस्तकं वाचताना हे ध्यानात असू द्या. पाटीवरचं नाव हा पुरावा धरू नका, सुरुवात धरा.

इथून पुढे मादी हवी. सायकसमध्ये नर झाड वेगळं, मादी वेगळी. इतर सायकॅडच्या माद्यांना घट्ट शंकू येतो, सायकसच्या मादीला येत नाही. तिच्या शेंड्याभोवती सुटी बीजपर्णं येतात. पाठ्यपुस्तकात त्यांना गुरुबीजुकपर्ण म्हणतात, आपण सोयीसाठी बीजपर्ण म्हणू. बीजपर्ण म्हणजे आखूड झालेलं पानच: खाली देठ, देठाच्या दोन्ही कडांना बीजांडं आणि वर टोकाचं पातं. जात ठरते ती या पात्याच्या आकारावरून आणि त्याच्या कडेच्या दातांवरून.

मादी ओळखायला बियांचा हंगाम गाठायलाच हवा असं नाही. बिया धरल्यावर शेंडा मधूनच पुढे वाढतो, आणि जुनी बीजपर्णं नव्या पानांच्या खाली झालरीसारखी लोंबत राहतात. वाळलेली बीजपर्णं कित्येकदा खोडालाच चिकटून असतात किंवा बुंध्याशी पडलेली सापडतात. खाली पडलेलं एक वाळलेलं बीजपर्ण पानांच्या पन्नास फोटोंपेक्षा जास्त बोलतं. म्हणून आधी वर न बघता झाडाखाली बघा. माळीबुवा असतील तर त्यांना विचारा. झाडून काढलेल्या पाल्यात काय काय येतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

भारतातल्या जाती, बीजपर्णासह

भारतात सायकसच्या नेमक्या किती जाती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. 2006 पासून केरळचा सायकस अन्नैकलेन्सिस, कर्नाटकातले सायकस इंडिका आणि सायकस स्वामियी अशी नवी नावं आली, अंदमानातूनही आली, आणि त्यातली काही सर्वांनी मान्य केलेली नाहीत. नवख्याने या भांडणात पडू नये. पुढच्या चार नीट बघा, बाकीची नावं कानावर असली तरी पुरे.

सायकस सर्सिनॅलिस आपल्या सर्वांत जवळचा. पश्चिम घाटात केरळ, तामिळनाडू, कर्नाटक आणि वर महाराष्ट्राच्या दक्षिण टोकापर्यंत त्याची नोंद आहे. मराठीत याला मलबारी सुपारी म्हटलेलं आढळतं. बीजपर्णाचं पातं निमुळतं, त्रिकोणी भाल्यासारखं. कडेला आखूड दात आणि शेवटी एक लांब काटा. लोकर रिव्होल्युटासारखी दाट नाही, चिराही खोल नाहीत. बिया मोठ्या, पिकल्यावर पिवळट ते नारिंगी. उत्तर केरळात याला ईंत म्हणतात, आणि बियांचं पीठ पुष्कळ धुऊन, विष काढून खाण्याची जुनी रीत तिथे आहे. पानं सजावटीसाठी, नरशंकू औषधाच्या नावाखाली आणि बिया खाण्यासाठी, अशी तिन्ही बाजूंनी ओढ लागल्याने ही जात आज धोक्यात असलेल्या यादीत आहे.

सायकस बेडोमी पूर्व घाटातला, आणि तो पाहण्याची संधी कित्येक मुंबईकरांना नकळत मिळून जाते. बालाजीच्या दर्शनाला तिरुपतीला जाणारे आपल्याकडे काही कमी नाहीत, आणि ही जात त्याच भागातल्या डोंगरांची. उघड्या, कोरड्या, गवताळ उतारांवर तो वाढतो. खोड बुटकं, बऱ्याचदा माणसाच्या कमरेच्याही खाली. वणवा येऊन गेला तरी ते जगतं आणि पुन्हा पानं काढतं. पर्णिका फार अरुंद, तीन-चार मिलिमीटरच्या, आणि कडा किंचित खाली वळलेल्या. इथेच फसगत होते: कडा वळलेल्या पाहून रिव्होल्युटा म्हणावंसं वाटतं. पण रिव्होल्युटाचं बीजपर्ण लोकरी आणि खोल चिरांचं, बेडोमीचं पातं भाल्यासारखं आणि लहान दातांचं. शिवाय आंध्रातल्या डोंगरउतारावर जपानी सायकस आपणहून उगवत नाही. मुंबईत कुणी कुंडीतला सायकस ‘बेडोमी’ म्हणून दाखवला तर तो कुठून आणला हे आधी विचारा. उत्तरावर बरंच काही ठरेल, कायद्याच्या दृष्टीनेही.

सायकस पेक्टिनाटा ईशान्येचा: आसाम, मेघालय, मणिपूर, सिक्कीम आणि पलीकडचे देश. बुकॅनन-हॅमिल्टनने 1826 मध्ये याचं वर्णन केलं. खोड उंच होतं, खालच्या भागात साल बरीच गुळगुळीत होत जाते. बीजपर्ण मात्र सर्वांत ओळखू येण्याजोगं: पातं रुंद, आणि कडेला फणीच्या दातांसारखे लांब, खोल दात. सर्सिनॅलिसचे आखूड दात आणि पेक्टिनाटाचे लांब दात शेजारी ठेवून एकदा पाहिले की पुन्हा गोंधळ होत नाही.

सायकस झेलॅनिका अंदमान-निकोबार आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यांवरचा. तो रम्फीच्या नात्यातला. या नात्यातल्या बियांच्या आत स्पंजासारखा थर असतो, त्यामुळे त्या समुद्रावर तरंगत बेटाबेटांवर पोचल्या. ओडिशा आणि उत्तर आंध्रातला सायकस स्फेरिका हा सर्सिनॅलिसच्या बाजूचा; मुंबईत त्याची गाठ पडण्याची शक्यता फार कमी, म्हणून नुसती नोंद.

पाचवी पायरी: बी कापून बघणं

रम्फी की सर्सिनॅलिस, या मुंबईतल्या नेहमीच्या प्रश्नाचा निकाल बियांत आहे. फक्त खाली पडलेली बी घ्या, हातमोजे घाला. बाहेरचं मांसल साल काढून आतलं कडक कवच बारीक दातांच्या करवतीने आडवं कापा. कवचाच्या आतल्या बाजूला स्पंजासारखा थर दिसला तर झाड रम्फीच्या गटातलं. थर नसेल तर सर्सिनॅलिस आणि त्याच्या सोबत्यांचा गट. करवत आणि फळी नंतर साबणाने धुवा. स्वयंपाकघरातली सुरी तर वापरूच नका.

बादलीत टाकून तरंगते का बघण्याचा सोपा मार्ग लोक सुचवतात. तो फसवा आहे. सायकसचं बीजांड परागण झालं नाही तरी पूर्ण आकाराचं वाढू शकतं. शहरात मादी एकटी लावलेली असते, जवळपास नर नसतो, मग आतून पोकळ राहिलेली बी कोणत्याही जातीची असली तरी तरंगते. कापल्याशिवाय कळत नाही.

नोंद कशी करायची

फोटो काढताना पूर्ण झाड, खोडाचा मधला भाग, पानाचा देठ, पर्णिकेची खालची बाजू, आणि शंकू किंवा बीजपर्णं असे वेगवेगळे घ्या. देठ लोक हटकून विसरतात. सायकसच्या देठावर बऱ्याचदा काटे असतात, ते खालच्या पर्णिका आखडून झालेले. ते कुठून सुरू होतात आणि किती दाट आहेत हे कामाला येतं. मापासाठी शेजारी पट्टी ठेवा. पर्णिका पानाच्या मधल्या भागातली मोजा. टोकाची आणि बुडाची मापं दिशाभूल करतात. सावलीतल्या झाडाची पानं लांब आणि मऊ होतात, उन्हातली आखूड आणि ताठ, म्हणून झाड कुठे उभं आहे तेही लिहा.

आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गनोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर मुंबईतला सायकस चढवताना ‘लागवडीतला’ ही खूण करायला चुकू नका. नाहीतर पश्चिम घाटातल्या जातीच्या नकाशावर दादर आणि विलेपार्ले दिसू लागतात. अॅपने सुचवलेलं जातीचं नाव जसंच्या तसं स्वीकारू नका; फोटोत बीजपर्ण नसेल तर अॅपही पानावरूनच अंदाज करतं.

कोवळी पानं कुरतडलेली दिसली तर थोडा वेळ थांबा. प्लेन्स क्युपिड नावाच्या छोट्या निळसर फुलपाखराच्या अळ्या सायकसच्या कोवळ्या पानांवर वाढतात आणि मुंग्या त्यांची राखण करतात. कुंडीची शान गेली म्हणून मालक हळहळतात, पण जात ओळखायला आलेल्या माणसाला हा खेळ फुकट बघायला मिळतो. या अळ्या देशी-परदेशी सायकसमध्ये भेद करत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरून जात काही ठरत नाही.

विष आणि कायदा

सायकसचे सगळे भाग विषारी असतात, बिया सर्वांत जास्त. त्यातलं सायकॅसिन यकृतावर घाला घालतं. घरात कुत्रा असेल तर पडलेल्या बिया रोज उचला. चघळल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या. लहान मुलांना रंगीत बिया खेळायला देऊ नका. केरळातली पीठ करण्याची रीत पिढ्यांच्या अनुभवावर चालते, व्हिडिओ बघून घरी करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे.

सायकॅडचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या करारानुसार नियंत्रित आहे. सगळी सायकॅड किमान दुसऱ्या परिशिष्टात येतात, बेडोमी सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही बेडोमीचं नाव आहे. देशी सायकस घरी लावायचाच असेल तर बियांपासून वाढवलेलं रोप घ्या आणि बी कुठल्या झाडाची हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. खोड चांगलं जाड, पण पानं नुकतीच फुटलेली आणि मुळं तोडलेली, असं ‘देशी’ झाड स्वस्तात मिळत असेल तर ते बहुधा जंगलातून उपटलेलं. सायकस फार सावकाश वाढतो. हातभर खोड रोपवाटिकेत वर्षा-दोन वर्षांत तयार होत नाही.

शंका उरलीच तर सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आपल्या शहरातच आहे. ज्यांचं नाव त्याला दिलं आहे त्या फादर ब्लॅटर यांनी भारतातल्या ताडवर्गीय झाडांवर मोठं काम केलं. आधी परवानगी घ्या, पर्णिकेचे मापासह फोटो न्या, झाडाच्या मालकाला विचारून खाली पडलेलं एखादं वाळलेलं बीजपर्ण कागदी पाकिटात न्या. पाकिटावर तारीख, ठिकाण आणि झाड कुणी, कुठून आणून लावलं ते लिहा. शेवटची माहिती मिळवायला सोसायटीतल्या सर्वांत जुन्या रहिवाशांकडे एक दुपार घालवावी लागेल.